सात पिक्सेलांचा झरोका

एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो जेट मुंबईत उतरले. बोइंग ७४७ जातीचे हे विमान, नोंदणी व्हीटी-ईबीडी, नाव 'एम्परर अशोक'. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची कमान काढलेली होती. विमानाच्या अंगावर खिडक्यांइतके कंटाळवाणे दुसरे काही नसते, एकसारख्या भोकांची ती रांग. बाकीच्या कंपन्या त्या रांगेवरून एक रंगीत पट्टा ओढून मोकळ्या व्हायच्या. इथे मात्र त्या भोकांचाच राजवाडा केला गेला आणि जाहिरातीत या विमानाला 'आकाशातला महाल' म्हटले गेले.

'एम्परर अशोक'चे आयुष्य सात वर्षांचेही झाले नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेले हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. त्याच्या भावंडांपैकीही आज एकही उडत नाही. पण संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ही विमाने अजून सांताक्रूझच्या धावपट्टीवर उभी राहतात, लाल झरोक्यांसकट. त्यांना तो रंग चढवणारे हौशी लोक जगभर आहेत. विमानाच्या रंगसंगतीला ते 'लिव्हरी' म्हणतात. मूळ अर्थ सरदार-उमरावांच्या घरच्या सेवकांचा गणवेश. महाराजाला बोधचिन्ह मानणाऱ्या कंपनीला हा शब्द शोभतोच.

आता हा रंग चढतो कसा, ते पाहू. सिम्युलेटरमधले विमान म्हणजे हजारो त्रिकोणी तुकड्यांनी बनलेला पोकळ सांगाडा. त्यावर चित्र गुंडाळायचे असते. शिंपी अंगरखा बेतताना छाती, पाठ, बाह्या वेगवेगळ्या करून कापडावर सपाट मांडतो, तशी विमानाची कातडी सोलून एका चौकोनी चित्रावर पसरलेली असते. धडाची डावी बाजू इथे, उजवी तिथे, शेपूट एका कोपऱ्यात, इंजिनांची आवरणे उरलेल्या जागेत. मॉडेल बनवणारा बऱ्याचदा या मांडणीची थरांत विभागलेली फाइल सोबत देतो. तिला 'पेंटकिट' म्हणतात. पत्र्यांचे जोड, रिव्हेट, दरवाजांच्या कडा वरच्या थरांत असतात, रंगारी खालच्या थरात रंग भरतो. काम झाले की ते चित्र एका नव्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि विमानाच्या नोंदवहीसारख्या मजकूर-फाइलीत चार-सहा ओळी वाढवायच्या. त्यात विमानाचे शीर्षक दुसऱ्या एखाद्या विमानासारखेच राहिले, तर आठवडाभर राबून रंगवलेले विमान यादीत दिसतच नाही. नवशिक्यांचे निम्मे रडगाणे या एका ओळीपायी असते.

झरोके हे या कामातले सर्वांत अवघड प्रकरण, आणि ते का, याचा हिशेब मांडता येतो. ७४७-२०० ची लांबी सुमारे ७०.६ मीटर. २००३ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये चित्राची मर्यादा १०२४ बाय १०२४ पिक्सेल होती. संपूर्ण धड अशा एका चित्राच्या रुंदीत बसवले, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ सात सेंटिमीटर पत्रा येतो. जंबोच्या एका खिडकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २० इंच, म्हणजे ५०.८ सेंटिमीटर. भागाकार केला की उत्तर ७.३७ पिक्सेल. एवढ्यात काच, चौकट, कमान आणि दोन कमानींमधली मोकळी भिंत, सगळे बसवायचे! त्यातही तो अपूर्णांक खरा वैरी. एक झरोका रंगवून सात-सात पिक्सेलांवर त्याच्या नकला डकवत गेले, तर अकराव्या खिडकीपर्यंत सुमारे पावणेचार पिक्सेलांची तूट साचते, आणि कमान नेमकी दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर येते. म्हणून अनुभवी रंगारी आधी खूप मोठ्या आकारात काम करतो, सगळी रांग तिथे जुळवतो आणि मगच चित्र लहान करतो. पुढे धड दोन-तीन चित्रांत वाटले जाऊ लागले, चित्रेही ४०९६ पिक्सेलांची झाली, तेव्हा कुठे कमानीचे टोक टोकासारखे दिसू लागले. मात्र धडाचे तुकडे केले की त्यांच्या सांध्यावर पट्टा जुळवण्याचा नवा उद्योग सुरू होतो. नाकापाशी पृष्ठभाग वळतो तिथे तर चित्रातली सरळ रेघ विमानावर वाकडी दिसते. सरळ दिसावी म्हणून ती चित्रात मुद्दाम वाकडी काढावी लागते.

विमानाच्या एका अंगाला कंपनीचे नाव इंग्रजीत आणि दुसऱ्या अंगाला देवनागरीत असे. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही बाजूंना एकच चित्र आरशासारखे उलटवून वापरलेले असते. तिथे एक बाजू वाचता आली की दुसरी उलटी दिसणार, मग देवनागरी कुठली? अशा मॉडेलावर हे विमान नीट रंगवताच येत नाही. स्वतंत्र बाजू मिळाल्या तरी अक्षरांचा प्रश्न राहतो. त्या काळच्या अक्षरांचे वळण आजच्या संगणकी फॉन्टांत सापडत नाही. शिवाय चित्रे संपादित करणाऱ्या जुन्या प्रणालींत देवनागरी टाइप केली की वेलांट्या जागा सोडायच्या आणि जोडाक्षरे फुटायची. शहाणा रंगारी टाइप करण्याच्या फंदात पडत नाही. छायाचित्र खाली ठेवून तो शिरोरेखेपासून एकेक वळण गिरवतो. पाटीवर गिरवलेल्या धुळाक्षरांची आठवण यावी असे हे काम आहे, फक्त हातात माउस.

रंगांचे काय? त्या काळच्या कितीतरी रंगीत फिल्म साठवणीत विटून लालसर होत गेल्या. कोडाक्रोमच्या पारदर्शिका त्या मानाने टिकल्या. लालच जिचा मुख्य रंग, त्या विमानाच्या लालसर पडलेल्या फोटोवरून खरा लाल ठरवायचा कसा? यावर एक साधी युक्ती आहे. फोटोत जे पांढरे किंवा राखाडीच असणार, म्हणजे विमानाचे छत किंवा धावपट्टीचे काँक्रीट, ते आधी तसे दिसेल इतपत फोटो दुरुस्त करायचा आणि मग लालाकडे वळायचे. चकाकी हा वेगळाच विषय. त्या काळातल्या अनेक विमानांचे पोट न रंगवता उघडे ॲल्युमिनियम ठेवलेले असे. जुन्या सिम्युलेटरांत रंगांच्या तीन थरांखेरीज चौथा थर ही चमक ठरवी. नव्यांत धातूपणा आणि खडबडीतपणा यांची निराळी चित्रे असतात.

मॉडेल निवडतानाही डोळसपणा लागतो. सुरुवातीच्या जंबोंच्या वरच्या मजल्यावर दर बाजूला तीनच खिडक्या असत, पुढे दहा आल्या. वर्ष आणि खिडक्या जुळल्या नाहीत, तर जाणकार त्या रंगकामाला 'काल्पनिक' म्हणून बाजूला सारतात. गंमत अशी की ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शताब्दीनिमित्त एका खऱ्या ७४७-४०० ला बीओएसी या आपल्या जुन्या पूर्वज कंपनीचे रंग दिले. बीओएसी १९७४ मध्ये विलीन झाली आणि ७४७-४०० सेवेत आले १९८९ मध्ये. हौशी रंगाऱ्यांच्या काटेकोर नियमाने ते खरे विमानच काल्पनिक ठरते!

अमेरिकेतल्या ब्रॅनिफ कंपनीच्या डीसी-८ विमानाची तऱ्हा झरोक्यांच्या विमानाच्या अगदी उलटी. १९७३ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी त्याला मोठमोठ्या, मोकळ्या रंगपट्ट्यांनी सजवले. तिथे झरोक्यांसारखे पुन्हा पुन्हा येणारे काही नाही, त्यामुळे नक्कल डकवायची सोय नाही. काल्डर यांनी आधी लहान प्रतिकृती रंगवल्या, त्यावरून कारागिरांनी खरे विमान रंगवले आणि इंजिनांच्या आवरणांवर काल्डर यांनी स्वतः ब्रश चालवला. सिम्युलेटरवाला हाच प्रवास उलट करतो, खऱ्या विमानाच्या फोटोवरून पुन्हा प्रतिकृतीकडे.

झरोके एकदा खरोखरच पुसले गेले होते. १९८९ मध्ये एअर इंडियाने लँडॉर या अमेरिकी संस्थेकडून नवा वेश करून घेतला. शेपटी गडद लाल, तिच्यावर सोनेरी चक्र. लोकांना तो रुचला नाही आणि थोड्याच वर्षांत झरोके परतले. रंगारी मंडळींना मात्र तोही वेश हवा असतो, कारण संग्रह करणाऱ्याला नावडती पाने फाडता येत नाहीत. माझा कल अर्थातच झरोक्यांकडे.

त्या झरोक्यांच्या विमानावर शेवटची नजर फिरवताना इंग्रजी नाव मुद्दाम तपासावे. कंपनी तेव्हा आपले नाव दोन शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन लिहीत असे, विमानावरही. ही रेघ जुन्या लहान चित्रात जेमतेम दहा-बारा पिक्सेलांची. ती राहून गेली, तर सगळे झरोके जागेवर बसलेले असूनही कुणीतरी विमानाचा फोटो मोठा करून त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतो आणि चित्र पुन्हा उघडावे लागते.