एकट्या गावाला कोण कर्ज देणार? एकत्र आलात तर पाणी योजनेला खासगी पैसाही मिळतो. कसा ते समजून घ्या

बचत गटाचं उदाहरण घ्या. एकट्या बाईला बँक दारात उभी करत नव्हती. दहा-बारा जणी एकत्र आल्या, हप्ते वेळेवर भरले, मग बँक स्वतःहून घरी आली. पाणी योजनेचंही तसंच आहे.

तामिळनाडूत काय झालं?
तिथल्या १३ लहान नगरपालिका व नगरपंचायतींना पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी पैसा हवा होता. एकेकट्यांची मागणी लहान, पत कमी. म्हणून राज्याने २००२ मध्ये एक सामायिक निधी उभा केला आणि सगळ्यांच्या वतीने मिळून ३०.४१ कोटींचे रोखे काढले. रोखे म्हणजे बाजारातून घेतलेलं कर्जच. मुदत १५ वर्षे, व्याज ९.२० टक्के. पुढे २००५ मध्ये कर्नाटकात बेंगळुरूभोवतीच्या ८ शहरांनी याच पद्धतीने १०० कोटी उभे केले.

गुंतवणूकदारांनी विश्वास कशावर ठेवला?
तामिळनाडूत तीन गोष्टींवर:
१) प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातून हप्त्याची रक्कम वेगळ्या खात्यात भरायची.
२) जी थकवेल तिच्या सरकारी अनुदानातून रक्कम कापायची.
३) अमेरिकेच्या यूएसएड संस्थेने निम्म्या मुद्दलाची हमी घेतली.

आपला संबंध काय?
ही उदाहरणं शहरांची आहेत, ग्रामपंचायतींची नव्हेत. पण आपल्याकडेही अनेक गावांची मिळून प्रादेशिक पाणीपुरवठा योजना असते. पाणीपट्टी थकते, वीजबिल थकतं, कनेक्शन तुटतं आणि ज्यांनी वेळेवर भरलं त्यांचेही नळ कोरडे पडतात. असा हिशेब बघून कुठला गुंतवणूकदार पैसा लावेल?

आणि हेही लक्षात ठेवा, खासगी पैसा म्हणजे देणगी नाही. तो व्याजासकट आपल्याच पाणीपट्टीतून किंवा करातून फिटतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे विचारा:
• आपल्या योजनेचा वर्षाचा खर्च किती, वसुली किती?
• थकबाकी कुणाकडे, किती?
• कर्ज घेतलं तर पाणीपट्टी किती वाढेल आणि गरीब घरांना सवलत काय?
• एका गावाने थकवलं तर भरणार कोण?

यांची उत्तरं कागदावर मिळाली, तरच शेजारच्या गावांसोबत बसा. सही त्यानंतर.