दहावीनंतरचा मशवरा

गेली काही वर्षे रमजानचा महिना आणि दहावीची परीक्षा एकदमच येतात. जालन्यात मस्तगडच्या आसपासच्या वस्त्यांत पहाटे सहरीला उठलेली मुले रोजाची नियत करतात आणि तिथेच पुस्तक उघडतात. संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर पुढे करता करता कोणीतरी चाचा विचारतातच, "पेपर कैसा गया?" लगेच दुसरा प्रश्न येतो, "अब आगे क्या करने का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाकडे असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा घरातले इतर जणच देऊन टाकतात.

ते उत्तरही ठरलेले असते. गुण चांगले पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, कमी पडले तर आर्ट्स. त्याहून कमी पडले तर मामाच्या गॅरेजमध्ये किंवा वडिलांच्या दुकानात. मुलगी असेल तर जे कॉलेज घराजवळ, ते तिचे. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. घराने जेवढे व्यवसाय जवळून पाहिलेले असतात, तेवढेच रस्ते घराला दिसतात. मुलात कुवत नसते असे नाही. माहिती वेळेवर पोहोचत नाही आणि निर्णय जूनच्या एका आठवड्यात उरकला जातो.

जालना हे नावच एका जुलाह्यावरून, म्हणजे श्रीमंत मुस्लिम विणकरावरून पडले, असे सांगितले जाते. त्या काळी बापाचा माग मुलाकडे येई आणि तेवढ्यावर पिढी निघे. मस्तगडची गढी उभी राहिली १७२५ साली. निजाम असफजाह यांच्या हुकमावरून काबिल खानाने ती बांधली. त्यानंतर तीनशे वर्षांत शहर पुष्कळ बदलले. घराघरांत व्यवसाय ठरवण्याची रीत मात्र अजून विणकराच्या मागासारखीच आहे.

गावातलीच दारे

खरे तर मुलांना दाखवण्यासारखे जालन्यातच पुष्कळ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज बियाणे ही जालन्याची ओळख आहे. पण या उद्योगात शेतमजूर आणि विक्रेता यांच्या मधल्या जागी कोण काम करते, हे शहरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? तिथे कृषी पदवीधर लागतो, जैवतंत्रज्ञान शिकलेला लागतो, प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासणारा लागतो. दहावीनंतर कृषी पदविका करता येते. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेता येते.

सळईच्या कारखान्यांचेही तसेच. लांबून भट्टीचा धूर दिसतो. आत इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, धातूची तपासणी करणारा केमिस्ट, हिशेबनीस अशी कितीतरी माणसे असतात. 'आयटीआयला टाकले' हे वाक्य अजूनही शिक्षेसारखे उच्चारले जाते. प्रत्यक्षात आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता खुला होतो. म्हणजे कमी गुणांनी सुरुवात केलेला मुलगाही पायरीपायरीने इंजिनिअर होऊ शकतो. हा जिना आहे, हेच अनेक घरांना माहीत नसते.

मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, १९३३ पासूनची. तिचे मराठवाड्यासाठीचे केंद्र २०१८ साली जालन्यात सुरू झाले. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. तिथे होतो. २०२४ साली जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांनी सुरू झाले. त्या जागा नीटच्या गुणांवर भरतात, हे सर्वांना माहीत असते. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांना हे मात्र उशिरा कळते की नीटचा पेपर त्यांच्या भाषेतही देता येतो. शिवाय दवाखाना फक्त डॉक्टरवर चालत नाही. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, एक्स-रे, फार्मसी हे सगळे शिकण्याचे आणि मानाने जगण्याचे रस्ते आहेत.

आर्ट्स म्हणजे उरलेले नव्हे

या जिल्ह्याने आर्ट्सविषयीचा गैरसमज एकदा ठळकपणे खोटा ठरवला आहे. शेलगावच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख. चौथीत असताना त्याची शाळा सोडवावी असे घरच्यांच्या मनात आले होते. शिक्षकाने वडिलांची समजूत घातली, म्हणून शिक्षण चालू राहिले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्याने राज्यशास्त्र घेतले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत, मराठी माध्यमातून, पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या २१ व्या वर्षी तो ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला.

प्रत्येक मुलाने कलेक्टर व्हावे, असा या गोष्टीचा अर्थ नाही. अर्थ दोन आहेत. त्याने विषय कामाचा म्हणून निवडला, गुण कमी पडले म्हणून नव्हे. आणि एका शिक्षकाने वेळेवर वडिलांशी बोलणे केले. ते एक बोलणे झाले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

राज्य सरकारनेही या वाटेने प्रयत्न केले. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी झाली. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा यांपैकी मुलाचा कल कुठे, हे ती सांगे. २०२० साली युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आले. दोन्ही उपयोगाच्या गोष्टी. पण अहवालाचा कागद दिशा दाखवतो. तो घेऊन कोणीतरी मुलाशेजारी तासभर बसावे लागते. 'गणवेशधारी सेवा' असे वाचून मूल थांबते. जवळच छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, तिथे मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करता येते आणि त्यासाठी अर्ज दहावीच्या वर्षातच भरायचा असतो, हे माणूसच सांगतो. एनडीएची परीक्षा २०२१ पासून मुलींनाही खुली आहे, हेही.

कागद आधी

अनेक प्रवेश गुणांवाचून नव्हे, कागदांवाचून हुकतात. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मन्यार अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे तर जात पडताळणी लागते, आणि तिच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा भक्कम मानला जातो. बहुधा तो आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडतो. ती शाळा दुसऱ्या तालुक्यात असते, नोंद कधी उर्दूत असते, आणि एका कागदावर 'मोहम्मद' तर दुसऱ्यावर 'मो.' असते. हे निस्तरायला महिने जातात. शेजारच्या माळी, साळी, तेली घरांचीही अडचण हीच आहे. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीतले पहिले काम आजोबांची शाळा गाठण्याचे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमिलेयर हे त्यामागून.

मुलींच्या घरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण माफ करते. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतून घेतलेला असावा लागतो. 'फी कोण भरणार' या प्रश्नावर जिथे मुलीचे शिक्षण थांबत होते, तिथे आता थांबायचे कारण नाही.

मशवरा कोणाशी?

मोठा निर्णय एकट्याने घेऊ नये, मशवरा करावा, ही इस्लामची शिकवण. मराठीतले 'सल्ला' आणि 'मसलत' हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले, इतकी ही रीत दोन्हीकडे मुरलेली आहे. पण दहावीनंतरचा मशवरा मोठ्यांचा मोठ्यांशीच होतो. ज्याला पुढची चाळीस वर्षे ते काम करायचे, त्याला फक्त निकाल कळवला जातो. 'तुला काय करायला आवडते, कोणत्या विषयाला बसले की वेळ कळत नाही?' एवढे दोन प्रश्न आधी त्याला विचारले, तरी निम्मा मशवरा होतो.

उरलेला निम्मा, ज्याने तो रस्ता चालून पाहिला त्याच्याशी करायचा. रमजानमध्ये जकात निघते आणि तिच्यातून गरीब मुलांची फी भरणारी घरे आहेत. फीची गरज जून-जुलैत लागते, म्हणून त्यातला वाटा आताच बाजूला ठेवावा. माहितीला तर पैसाही लागत नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्मा घ्यायला घरी येणाऱ्यांत बँकेतले काका असतात, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर असतात, कारखान्यातले सुपरवायझर, शाळेतल्या बाई, कोर्टातले वकीलसाहेब असतात. त्यात सर्व धर्मांचे लोक असतात. मुलाला किंवा मुलीला त्यांच्याजवळ बसवावे आणि विचारू द्यावे: तुमचे काम नेमके काय असते, तुम्ही त्यासाठी काय शिकलात, अर्ज कधी भरलात? पाहुण्यांनीही वाटी संपेपर्यंत मनापासून सांगावे. दहावीचा निकाल त्यानंतर लागतो, म्हणजे अजून वेळ आहे.