निघून जाणाऱ्यांचं गाव

मालवणला माणूस राहायला येतो. दोन दिवस समुद्र बघतो, होडीतून सिंधुदुर्गावर जाऊन येतो, मासे खातो, आणि त्या दोन दिवसांत त्याच्या खिशातून जे सुटतं त्यावर गावाचं वर्ष निघतं. लखनौचं चारबागही पाहुण्यांवरच जगतं, पण इथल्या पाहुण्याला राहायचं नसतं. त्याला पुढे जायचं असतं. कुणाला गोंड्याला, कुणाला बहराइचला, कुणाला अयोध्येला, कुणाला नेपाळच्या हद्दीवरच्या रुपईडिहाला, तर कुणाला मेडिकल कॉलेजात भरती केलेल्या भावाकडे. एक गाडी सुटून दुसरी मिळेपर्यंत त्याचे जे दोन-चार तास किंवा एखादी रात्र मोडते, तेवढ्यावर स्टेशनसमोरची ही वस्ती पिढ्यान् पिढ्या उभी आहे.

पाहुण्यांवर जगणाऱ्या गावांची गोष्ट निघाली की आपल्याकडे किनारे आठवतात, थंड हवेची ठिकाणं आठवतात, फार तर तीर्थक्षेत्रं. चारबागचं नाव कुणी त्यात घेत नाही. मला ते घ्यावंसं वाटतं, कारण हौसेनं फिरणाऱ्यापेक्षा गरजेपोटी प्रवास करणारा माणूस या देशात कितीतरी जास्त आहे आणि त्याची सोय कोण बघतं हे चारबागमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

मुंबईहून सकाळी निघालेली पुष्पक एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौला लागते. ती ज्या स्टेशनात थांबते ते खरं तर चारबागचं जुळं भावंड. लखनौ जंक्शन त्याचं नाव, पण एके काळी तिथे मीटर गेजच्या गाड्या यायच्या म्हणून जुनी माणसं अजून त्याला ‘छोटी लाइन’ म्हणतात. रूळ कधीच रुंद झाले, नाव राहिलं. हे पूर्वोत्तर रेल्वेचं आणि शेजारचं मोठं स्टेशन उत्तर रेल्वेचं. दोघांचे मिळून पंधरा फलाट. नवखा प्रवासी या स्टेशनातून त्या स्टेशनाकडे बोचकी घेऊन धावताना रोज दिसतो.

मोठ्या स्टेशनाच्या बाहेर आलं की डाव्या-उजव्या बाजूला बघायच्या आधी मान वर जाते. लाल-पांढऱ्या रंगात घुमट, छत्र्या, मनोरे आणि कमानी एकामागून एक उठत गेलेल्या. राजस्थानी, मुघल आणि अवधी अशी सगळी वळणं त्यात आहेत. वरून बघितलं तर ही इमारत सोंगट्या मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते, असं लखनौकर मोठ्या अभिमानानं सांगतात. आत गाडी धडधडत आली तरी पोर्चमध्ये उभ्या माणसाला तिचा आवाज येत नाही, हेही सांगतात. २१ मार्च १९१४ रोजी लखनौचे बिशप जॉर्ज हर्बर्ट वेस्टकॉट यांच्या हस्ते पायाभरणी झाली. आराखडा जे. एच. हॉर्निमन यांचा आणि बांधकामाच्या रचनेत सल्लागार अभियंता चौबे मुक्ताप्रसाद यांचा मोठा वाटा. खर्च सत्तर लाख रुपये. काम पुरं व्हायला साधारण दशक गेलं. त्या काळी सत्तर लाख ही डोळे फिरवणारी रक्कम होती, आणि ती खर्च झाली ज्यांना इथे थांबायचंच नाही अशा लोकांसाठी. दरबार, कचेरी, गव्हर्नरचा बंगला यांवर सरकारनं पैसा ओतला तर नवल नाही. इथे तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढणाराही त्याच कमानीखालून जात होता.

इमारतीच्या आधी इथे नावाप्रमाणे बाग होती, नवाब असफउद्दौलाच्या आवडीची. जवळच गाजीउद्दीन हैदरच्या नावाचा कालवा आणि त्यावर पूल. २५ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉक आणि आउट्रम यांची इंग्रज फौज आलमबागहून रेसिडेन्सीच्या सुटकेसाठी निघाली तेव्हा या चारबागच्या पुलावर त्यांना बंडवाल्यांच्या तोफांनी अडवलं आणि मोठी लढाई झाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६७ मध्ये, कानपूर-लखनौ रेल्वे सुरू झाली. ज्या दिशेनं फौज आली त्याच दिशेनं रूळ आले.

मराठी माणसाच्या दृष्टीनं या स्टेशनाचा सगळ्यात मोलाचा प्रसंग डिसेंबर १९१६ चा. इमारतीचं काम अजून चालू होतं. मंडालेहून सुटून आलेले टिळक सुरत फुटीनंतर प्रथमच काँग्रेसच्या अधिवेशनाला येत होते. पश्चिम भारतातून होमरूलवाल्यांसाठी खास गाडी सोडलेली होती. स्वागत समितीवर मवाळांचा पगडा होता. टिळकांना मोटारीत बसवून बाहेरच्या रस्त्यानं गुपचूप न्यायचं असा त्यांचा बेत होता. तरुणांना हे मान्य नव्हतं. शाहजहानपूरहून आलेला एक मुलगा मोटारीसमोर आडवा पडला. मग भाड्याची घोडागाडी आणली गेली, घोडे सोडले गेले आणि पोरांनी स्वतः ती ओढत टिळकांची मिरवणूक शहरातून नेली. तो मुलगा म्हणजे रामप्रसाद बिस्मिल. त्यानं स्वतःच आपल्या आत्मकथेत हे लिहून ठेवलं आहे. नऊ वर्षांनी, ९ ऑगस्ट १९२५ रोजी, काकोरीजवळ बिस्मिल आणि त्याच्या साथीदारांनी सरकारी खजिन्यासाठी जी गाडी थांबवली ती लखनौच्या याच स्टेशनाकडे येत होती.

त्याच अधिवेशनाच्या दिवसांत, २६ डिसेंबर १९१६ रोजी, गांधी आणि जवाहरलाल नेहरू यांची पहिली भेट चारबागला झाली. स्टेशनच्या आवारात त्याची आठवण म्हणून शिलालेख आहे. टिळकांच्या त्या गाडीची खूण मात्र तिथे दिसत नाही. अधिवेशनात झालेल्या लखनौ कराराचे एक शिल्पकार टिळक होते. तेव्हा एक साधी पाटी तरी लागावी, एवढी मागणी मराठी माणसानं करायला हरकत नाही.

आणखी एक मराठी पाऊल याच फलाटावर उमटलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साथीनं १९२६ मध्ये लखनौत संगीताचं मॅरिस कॉलेज काढलं. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे के. जी. गिंडे अकरा-बारा वर्षांचे असताना रातंजनकरांकडे शिकायला लखनौला आले. घर सोडून इतक्या दूर आलेल्या त्या पोराला नवं शहर पहिल्यांदा दिसलं असेल ते या घुमटांखाली.

आता समोरची वस्ती. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याला आधी गाठतात ई-रिक्षावाले, मग हॉटेलांचे दलाल, मग चहावाले. नाका हिंडोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि आतल्या गल्ल्यांत लहान-मोठी हॉटेलं खेटून उभी आहेत. खोली काही तासांपुरतीही मिळते, कारण गिऱ्हाईकाला तेवढीच हवी असते. तोंड धुवायचं, अंघोळ करायची, पाठ टेकायची. खाली कढईत पुऱ्या आणि कचोऱ्या, शेजारी बटाट्याची भाजी, पलीकडे औषधाचं दुकान, कुलपांचं दुकान, बॅगेची चेन शिवून देणारा. यातलं एकही दुकान शौकिनांसाठी नाही. कबाब आणि चिकनकारी बघायला लोक चौक भागात आणि अमीनाबादेत जातात.

अपवाद रेवडीचा. गुरुनानक मार्केटच्या बाजूला रेवडीच्या दुकानांची रांगच आहे. साखरेचा किंवा गुळाचा पाक शिजवून थोडा निवू देतात, मग त्याचा गोळा खुंटीला अडकवून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. ओढता ओढता आत हवा शिरते, पाक पांढरा पडतो आणि खुसखुशीत होतो. त्याच्या लांब वळ्या करून बारीक तुकडे पाडतात आणि भाजलेल्या तिळात घोळवतात. वास केवड्याचा नाहीतर गुलाबाचा. ही मिठाई चारबागलाच का फोफावली याचं उत्तर लोणावळ्याच्या चिक्कीपाशी मिळतं. प्रवासात ती नासत नाही, रस गळत नाही, फुटली तरी बिघडत नाही, स्वस्त आहे आणि गावी गेल्यावर चार घरांत वाटता येते. थांबणाऱ्याची मिठाई रबडी, जाणाऱ्याची रेवडी.

कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि धंदा निजतो. चारबागला असा बंद हंगाम नाही, पण भरती-ओहोटी आहे. डिसेंबर-जानेवारीत अवधवर दाट धुकं उतरतं, गाड्या चार-चार, आठ-आठ तास रखडतात, आणि प्रवाशाच्या खोळंब्यावर चहा-शेगडी-खोली यांचा धंदा चढतो. होळी आणि छटपूजेला माणूस फलाटावर मावत नाही. सगळ्यात मोठी गर्दी मात्र नोकरीच्या परीक्षांची. पोलीस भरती किंवा पीईटी ही पात्रता परीक्षा असली की खेड्यापाड्यांतली हजारो मुलं-मुली आदल्या रात्री उतरतात. खोली परवडत नाही, म्हणून स्टेशनसमोरच्या बागेत, जिन्यांवर, तिकिटाच्या हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून झोपतात. उशाला प्रवेशपत्र आणि सामान्य ज्ञानाचं पुस्तक. उत्तर प्रदेशातल्या बेकारीबद्दल ज्याला लिहायचं असेल त्यानं अशी एक रात्र इथे काढावी.

रुळांच्या मधोमध खम्मन पीर बाबांचा दर्गा आहे, दोन्ही अंगांनी गाड्या जातात आणि गुरुवारी सर्व धर्मांचे लोक चादर घेऊन येतात. हमालही येतात. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी त्यांना ‘सहायक’ म्हणायचं ठरवलं, पण काम घटत गेलं ते घटतच गेलं. बॅगांना चाकं आली, सरकते जिने आले. दंडावरचा पितळी बिल्ला पूर्वी बापाकडून मुलाकडे जायचा. आता मुलगा ई-रिक्षा घेतो.

या हमालांची खरी ओळख २०२० च्या मे महिन्यात पटली. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घेऊन नाशिक रोडहून निघालेली श्रमिक विशेष गाडी ३ मे रोजी सकाळी लखनौला पोचली. आठशेहून अधिक माणसं त्यात होती. नाशिकच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत राबणारी, हातातलं काम गेलेली. पुढे अशा गाड्या येतच राहिल्या. ऐंशीच्या घरातला एक हमाल त्या दिवसांत मजुरांची ओझी फुकट वाहत होता आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्याची स्वतःची मिळकत तेव्हा शून्यावर आलेली होती.

वस्तीची दुखणीही आहेत, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १९ जून २०१८ रोजी सकाळी इथल्या दाटीतल्या दोन लगतच्या हॉटेलांना आग लागली आणि झोपलेल्या प्रवाशांचे प्राण गेले. चिंचोळे जिने, कोंदट खोल्या, गाड्यांनी अडलेले रस्ते हे त्या आधीही सगळ्यांना दिसत होते. घाईतला प्रवासी खोलीत दार आणि पंखा बघतो, बाहेर पडायची दुसरी वाट आहे का हे विचारत नाही. ते विचारण्याचं काम पालिकेचं आणि अग्निशमन दलाचं आहे.

आता पाहुणाच वाट बदलतो आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग अशी मेट्रो सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती हजरतगंजवरून मुन्शीपुलियापर्यंत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ३८५ कोटी रुपये खर्चून पुनर्विकसित केलेल्या गोमतीनगर स्टेशनाचं उद्घाटन झालं आणि गर्दीचा काही भार तिकडे वळू लागला. चारबागपासून अमीनाबाद, मेडिकल कॉलेज आणि चौक भागातून वसंतकुंजपर्यंत जाणाऱ्या मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाला ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. तो सुरू झाला की बहराइचहून आलेला रोगी स्टेशनातून परस्पर दवाखान्यात पोचेल. त्याचे हाल कमी होतील, ही चांगलीच गोष्ट आहे. रस्त्यावरच्या पुरीवाल्याचं आणि ई-रिक्षावाल्याचं एक गिऱ्हाईक त्याच वेळी कमी होईल.

स्टेशनच्या पुनर्विकासाचे आराखडे बरीच वर्षं चर्चेत आहेत. जुनी दर्शनी इमारत जपायची यावर कुणाचा वाद नाही, आणि ती जपलीच पाहिजे. काळजी आहे ती समोरच्या मोकळ्या बागेची. आराखड्यांत अशा जागी हमखास वाहनतळ आणि दुकानांचे गाळे येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ टेकायला, धुक्यात अडकलेल्या कुटुंबाला बोचकी टाकून बसायला, रोग्याला सावलीत थांबवायला हीच जागा कामी येते. तिथे फुकट बसता येईल असा ओटा, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास आणि रात्रभर उघडी राहणारी धर्मशाळा आराखड्यात आधी मांडावी, आणि गाळे काढलेच तर त्यातले निम्मे तरी आज फुटपाथवर धंदा करणाऱ्यांच्या नावे लागावेत.