महागडा कॅमेरा, रंगांचे गणित

सिग्मा कंपनीचा एसडी-१ कॅमेरा २०११ साली आला तेव्हा त्याची जाहीर किंमत ९,७०० डॉलर होती. वर्ष उलटायच्या आत त्याच सेन्सरचा कॅमेरा 'मेरिल' हे नाव लावून सुमारे २,३०० डॉलरला जाहीर झाला. सेन्सर तोच, चित्र तेच. मग उरलेले सात हजार डॉलर कशाचे? माझ्या मते, ते एका सुंदर कल्पनेचे होते. बहुतेक कॅमेऱ्यांत कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ साली पेटंट मिळालेली जाळी असते. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने भरायचे. त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर कधीकधी मुळात नसलेले रंगीत पट्टे उमटतात. एसडी-१ मधला फोव्हिऑन सेन्सर तिन्ही रंग एकाच जागी मोजतो, कारण सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश वरच शोषला जातो, हिरवा त्याखाली आणि लाल सर्वांत खोल.

मग हाच श्रेष्ठ नाही का? भरपूर उजेडात त्याचे बारकावे खरोखर देखणे असतात. पण थरांमधले रंग एकमेकांत मिसळतात, ते वेगळे काढायलाही गणितच लागते आणि कमी उजेडात चित्र रवाळ होते. शिवाय जाहिरातीतले ४६ मेगापिक्सेल म्हणजे साधारण १५ मेगापिक्सेलचे तीन थर. म्हणून मोठी रक्कम मोजण्याआधी, तुम्ही ज्या उजेडात फोटो काढता त्याच उजेडातले नमुने मोठ्या आकारात छापून पाहा.