कुत्री व्यायला आली, हे ओळखायचे कसे?

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. मात्र मेटिंगच्या दिवसापासून मोजले, तर पिल्ले ५८व्या दिवशीही होतात आणि ६८व्या दिवशीही, कारण नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहतात. म्हणून तारखेवर फार विसंबू नये. ५५व्या दिवसानंतर पिल्लांची हाडे एक्स-रेमध्ये नीट दिसतात आणि पिल्ले मोजता येतात. चार पिल्ले देऊन कुत्री शांत पडली, तर ती मोकळी झाली की पाचवे आत अडकले, याचे उत्तर या आकड्यातच असते.

दिवस भरत आल्याची सर्वांत उपयोगी खूण थर्मामीटर देतो. एरवी कुत्रीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन शेवटी झपाट्याने उतरते, तेव्हा तापमान ९९च्या खाली येते आणि बहुधा १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासांचीच असल्याने शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा तापमान घ्यावे. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून तो गुदद्वारात अलगद सरकवावा आणि आकडा लगेच वहीत टिपावा. एखाद्या कुत्रीत ही घसरण निसटूनही जाते, त्यामुळे वागण्याकडेही लक्ष हवे. ती खाणे सोडते, धापा टाकते, थरथरते, कोपऱ्यात जाऊन अंथरूण उकरते. ही पहिली अवस्था सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक चालते. बाहेरून कळा दिसत नाहीत, पण गर्भाशयाचे तोंड उघडत असते. या वेळी घरातली गर्दी आणि गोंगाट टाळावा.

जागेची तयारी आठवडाभर आधी करावी, म्हणजे कुत्री तिला सरावते. तिला आडवे पसरता येईल एवढा खोका, त्यात जुन्या सुती कापडाच्या घड्या आणि आतल्या कडेने जमिनीपासून थोडी वर फळी, म्हणजे पिल्लू आई आणि भिंत यांच्यात चेंगरत नाही. नवजात पिल्लाला थरथरून अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळ सुमारे ३० अंश सेल्सिअसची ऊब लागते. स्वच्छ टॉवेल, दोरा, निर्जंतुक कात्री, आयोडीन आणि वजनकाटा हाताशी असावा. गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. त्याने शरीराची स्वतःची व्यवस्था मंदावते आणि दूध पाजताना कॅल्शियम एकदम खालावून झटके येण्याचा धोका वाढतो.

पिल्लू बाहेर आले की आई पडदा फाडते, नाळ तोडते आणि त्याला चाटते. ती तसे करत नसेल, तर तोंडावरचा पडदा ताबडतोब दूर करून टॉवेलने पिल्लाला चोळावे. पिल्लू ओढून काढायचा प्रयत्न करू नये. कळा देण्याचे औषधही पशुवैद्याने तपासल्याशिवाय टोचू नये. पिल्लू आडवे असेल तर गर्भाशय फाटू शकते.

जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू आले नाही, आणखी पिल्ले असताना दोन तासांहून अधिक खंड पडला, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव आला किंवा कुत्री गळून गेली, तर वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींत सिझेरियनची गरज वारंवार पडते. रात्री उघडा असणारा दवाखाना आणि तिथवर नेणारे वाहन यांची सोय आधीच करून ठेवावी.