विदूषक मासा
पोमॅसेंट्रिडी कुलातील एक लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस. क्यूव्ह्ये ह्यांनी १८३० मध्ये ह्या जातीचे वर्णन केले. अंदमान-निकोबार बेटांपासून इंडोनेशिया, फिलिपीन्स व जपानच्या र्यूक्यू बेटांपर्यंत तसेच वायव्य ऑस्ट्रेलियाच्या उथळ प्रवाळक्षेत्रांत तो आढळतो. लांबी सु. ११ सेंमी. पर्यंत असते. रंग नारिंगी असून अंगावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे असतात. ऑस्ट्रेलियातील डार्विनजवळ काळ्या रंगाचा प्रकारही सापडतो.

हा मासा समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहतो. समुद्रपुष्पाच्या संस्पर्शकांवर दंशकोशिका असतात. परंतु अंगावरील श्लेष्मामुळे ह्या माशाला त्यांची बाधा होत नाही. शत्रूंपासून त्याला संरक्षण मिळते. उलट तो समुद्रपुष्प खाणाऱ्या माशांना हुसकावतो व त्याच्या उत्सर्गातून समुद्रपुष्पाला पोषण मिळते. प्राणिप्लवक व शैवले हे त्याचे अन्न होय.

एका समुद्रपुष्पात सर्वांत मोठी मादी, तिच्याहून लहान प्रजननक्षम नर व काही अपक्व मासे असा गट असतो. मादी मेल्यास नराचे मादीत रूपांतर होते आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठा मासा नर बनतो. अंडी समुद्रपुष्पाच्या बुंध्याजवळील खडकावर घातली जातात. नर पंखांनी वारा घालावा तसे पाणी हलवून त्यांची निगा राखतो. सु. एका आठवड्याने, अंधार पडल्यावर ती फुटतात. डिंभ ८ ते १२ दिवस समुद्रात तरंगतात व नंतर समुद्रपुष्पाचा शोध घेतात.

जलजीवालयात शत्रू नसल्याने हा मासा समुद्रपुष्पावाचूनही जगतो व प्रजननही करतो. डिंभांना प्रथम रॉटिफर व पुढे आर्टेमिया खाऊ घालतात. पाण्याचे तापमान सु. २६° से. ठेवतात. फाइंडिंग निमो (२००३) ह्या चित्रपटामुळे हा मासा सर्वपरिचित झाला. भारतातही विदूषक माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित झाले असून नवी मुंबईतील ऐरोली येथे त्यांचे उबवणी केंद्र स्थापण्यात आले.

टाकीत वाढविलेला मासा घेतल्याने निसर्गातील पकड कमी होते. परंतु तेवढ्याने जातीचे रक्षण होत नाही. पाणी फार तापल्यास समुद्रपुष्पांतील सहजीवी शैवले नष्ट होऊन ती पांढरी पडतात व पुष्कळदा मरतात. टाकीत अनावश्यक ठरणारा हा आश्रय समुद्रात मात्र ह्या माशाच्या अस्तित्वाचा आधार होय.