घरी बनवलेली डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही? हे तपासा

मुंजीची जुनी कॅसेट डीव्हीडीवर उतरवली, कॉम्प्युटरवर ती छान दिसते, पण टीव्हीजवळचा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो. डिस्क टाकून देऊ नका. या क्रमाने बघा:

१) फायनलाइझ केली का? रेकॉर्डरवर बनवलेली डिस्क फायनलाइझ केली नसेल, तर दुसरे प्लेअर बहुधा ती वाचत नाहीत. मूळ रेकॉर्डरवर हे काम नंतरही करता येतं.

२) नुसती फाइल कॉपी केलीत का? बरेच जुने प्लेअर एमपी४ ओळखत नाहीत. त्यांना व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइली लागतात. डीव्हीडी स्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर ही रचना करून देतं.

३) फॉरमॅट बरोबर आहे का? एमपीईजी-२ व्हिडिओ, पाल पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. चित्र अडखळत असेल तर बिटरेट ६ एमबीपीएसवर आणा. तेवढ्यात साध्या ४.७ जीबी डिस्कवर सुमारे दीड तास मावतो.

४) डिस्क कोणती? रीरायटेबल डिस्क प्रकाश कमी परावर्तित करते, म्हणून जुनी लेन्स अडते. चांगली डीव्हीडी-आर घ्या आणि ४एक्स किंवा ८एक्स वेगाने बर्न करा. कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

५) डिस्क पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे न्या, गोल फिरवू नका.

बर्न केलेल्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो. म्हणून डिस्क वाचली जातेय तोवरच तिची प्रत हार्ड डिस्कवर नक्की घेऊन ठेवा.